डिक्री ज्याची, बोलीही त्याचीच

जप्त मालमत्तांच्या लिलावाच्या जाहिराती आता कुणालाच नव्या नाहीत. घर, गाळा, राखीव किंमत, इसाऱ्याची रक्कम आणि खाली ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट. स्वस्तात जागा शोधणारे गुंतवणूकदार त्या बारकाईने वाचतात. मी इतिहासाचा वाचक; माझ्या मनात प्रश्न येतो तो घेणारा कोण, हा. कारण लिलावातली मालमत्ता पदरात पाडून घेण्याचा उद्योग पुणे-नगर भागात दीडशे वर्षांपूर्वी जोरात चालला होता, आणि त्यातूनच १८७५ चा उठाव पेटला.

रयतवारीत जमीन रयतेच्या नावावर लागली, तशी ती गहाण टाकता आणि विकताही येऊ लागली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाचे भाव चढले आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले. सारा मात्र वाढला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीनच वर्षांचे आयुष्य दिले. हेतू रयतेच्या सोयीचा. घडले उलटे. मुदत भरत आली की सावकार मुद्दल-व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेई, आणि त्यावर पुन्हा व्याज.

पुढे दिवाणी कोर्ट. कामधाम टाकून कुणबी तिथे जाणार कसा आणि वकील देणार कशाने? निकाल बहुधा एकतर्फी लागे. लिलाव पुकारला, तरी शेजाऱ्याच्या रानावर बोली करायला गावातले कोण पुढे येणार? डिक्री ज्याची, बोलीही त्याचीच. जमीन पडत्या भावात जाई, तेवढी रक्कम कर्जात वळती होई, उरलेले कर्ज डोक्यावर तसेच. सावकाराला नांगर थोडाच धरायचा होता! कालचा खातेदार आज आपल्याच शेतात कूळ म्हणून राबे.

शिरूर तालुक्यातील करडे गावी १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांची डिक्री मिळवली आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात वह्या आणि खते जळाली. माणसांना इजा फारशी झाली नाही. लोकांचा रोख कागदांवर होता.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खतामागचा सारा व्यवहार उकलून पाहण्याचा अधिकार दिला, आणि खास तारण न दिलेली जमीन लिलावाबाहेर ठेवली. सावकारांनी यातूनही वाट काढली: गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत, आणि परतीचे वचन तोंडी.

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना कोर्टाची पायरी न चढता तारण विकता येते. आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. शेतजमीन मात्र या कायद्यातून वगळलेली आहे.