शांतता समितीचा चहा आणि भिवंडीची गोष्ट

गणपती जवळ आले की पोलीस ठाण्यातून फोन येतो, "शांतता समितीची बैठक आहे, या." बरीच वर्षं जातोय. साहेब बोलतात, दोन पुढारी बोलतात, वहीत सह्या होतात, चहा होतो, फोटो निघतो. पुढची भेट थेट पुढच्या सणाला. बारामती काय, इंदापूर काय, सगळीकडं हीच तऱ्हा.

ही पद्धत जुनी आहे आणि ती कुठं तोकडी पडते हे आपल्याच राज्यानं पाहिलंय. ७ मे १९७० ला भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. तिथंही शांतता समिती होती. मार्ग, गुलाल, घोषणा यावर आधी बोलणीही झाली होती. चौकशीला न्यायमूर्ती मादन आयोग बसला, जाडजूड अहवाल आला. तरी १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा जळाली. भिवंडी-मुंबई पट्ट्यात दोनशेहून जास्त माणसं गेली.

१९८८ ला सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून गेले. आपल्याकडच्या लोकांना हे नाव आठवेल, २०१४ ला बारामती लोकसभेला आम आदमी पक्षाकडून उभे होते तेच. त्यांनी वरच्या पुढाऱ्यांच्या समितीवर भिस्त ठेवली नाही. मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या केल्या, ७० च्या आसपास. हिंदू-मुसलमान बरोबरीनं. त्यात यंत्रमाग कामगार, रिक्षावाले, दुकानदार, बायाबापड्या. आणि बोलावणारा कोण, तर त्या भागातला साधा पोलीस. विषय पण साधेच, नळाचं भांडण, पोरांची मारामारी, घरातली कटकट. दंगलीचा विषय नसतानाच माणसं एकत्र बसायला लागली.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी मिळून सुमारे ९०० माणसं मेली. दंगलीचं गाव म्हणून बदनाम झालेली भिवंडी मात्र शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती, पण नंतरच्या अधिकाऱ्यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या. खोपडे यांनी यावर पुस्तक लिहिलंय, 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' पुढं मुंबईतही मोहल्ला समित्या निघाल्या.

गावपातळीवर सरकारनं असाच प्रयत्न १५ ऑगस्ट २००७ ला केला. आर. आर. आबांची तंटामुक्त गाव मोहीम. आपल्या गावोगावी कमानी उभ्या राहिल्या, बक्षिसं आली. आता किती गावांत ती समिती बसते, तुम्हीच सांगा.

बोलणी फुकट जातात असं मी म्हणत नाही. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद एकत्र आली. मुंबईत, राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी जुलूस पुढं ढकलला, सरकारनं २९ सप्टेंबरला सुट्टी दिली. दोन्ही सण नीट पार पडले. पण हे जमतं कधी? समोरच्याचा फोन नंबर आपल्याकडं असतो आणि त्याला रात्री अकरा वाजता फोन करायला संकोच वाटत नाही, तेव्हा.

आता भांडण मिरवणुकीपर्यंत थांबत नाही. कुणाच्या तरी स्टेटसवरून सकाळी गर्दी जमते, दुपारपर्यंत बाजारपेठ बंद. तेवढ्या वेळात ठाण्यातली यादी शोधायची का एकमेकांची ओळख काढायची?

म्हणून यंदाच्या बैठकीत मी दोनच गोष्टी मागणार आहे. एक, समिती तालुक्याला एक नको, प्रभागाला एक हवी, आणि त्यात पंचविशीतली पोरं नि बायका हव्यात. ज्यांच्या हातात मोबाईल आहे त्यांनाच आपण बोलवत नाही. दोन, बैठक महिन्याला व्हावी, सण असो वा नसो.

चहाचा खर्च लागला तर मी करतो. बारामती-इंदापूरची कुणी मंडळी बरोबर येणार असतील तर खाली नाव आणि प्रभाग लिहा.