मेघसंगणन आणि मानकांची मर्यादा

स्वतःचे संगणक न बाळगता दूरच्या कंपनीचे संगणक भाड्याने वापरणे, यालाच क्लाउड किंवा मेघसंगणन म्हणतात. ग्राहकाचा प्रोग्राम कंपनीच्या यंत्राशी ज्या ठराविक शब्दांत बोलतो, त्याला इंटरफेस असे नाव आहे. ही बोली कंपनीगणिक निराळी. त्यामुळे एकीकडचे बिऱ्हाड दुसरीकडे हलवायचे, तर प्रोग्रामच पुन्हा लिहिण्याची पाळी येई. भाडेकरूची ही अडचण घरमालकाच्या पथ्यावर पडणारी होती, हे सांगावयास नकोच.

सर्वांची बोली एक करण्याचे प्रयत्न झाले. मार्च २००९ मध्ये आयबीएमप्रभृती कंपन्यांनी ‘ओपन क्लाउड मॅनिफेस्टो’ हा जाहीरनामा काढला. ॲमेझॉन, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी त्यावर सही केली नाही. पुढे सीआयएमआय नावाचे विस्तृत मानक २०१२ मध्ये सिद्ध झाले, २०१५ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मान्यताही लाभली. बाजाराने मात्र त्याची फारशी दखल घेतली नाही. सेवा अजून घडत असताना त्यांचे संपूर्ण व्याकरण बांधण्याची ही घाई होती, असे मला वाटते.

याउलट, ॲमेझॉनने १४ मार्च २००६ रोजी खुली केलेली एस-थ्री ही साठवणीची सेवा पाहावी. ठेवा, आणा, पुसा, यादी द्या, एवढीच मुख्यतः तिची भाषा. कोणत्याही समितीने न ठरविता ती प्रतिस्पर्ध्यांनी उचलली. सेफसारख्या मुक्त प्रणालीही तीच बोलू लागल्या. तथापि शब्द एक झाले, म्हणून वचन एक होत नाही. एखादी नोंद बदलून लगेच मागितली, तर एस-थ्रीकडून कधी कधी जुनीच प्रत हाती येई. डिसेंबर २०२० मध्ये ॲमेझॉनने हा दोष दूर केला. आज्ञेचा शब्द तोच राहिला, अर्थ मात्र पक्का झाला. शिवाय असा बदल करण्याचा अधिकार एकाच कंपनीच्या हाती, ही गोष्टही विसरता येत नाही.

जून २०१५ मध्ये स्थापन झालेल्या ओपन कंटेनर इनिशिएटिव्हने यातून मधला मार्ग काढला. प्रोग्रामची पेटी कशी बांधावी आणि कशी चालवावी, एवढेच प्रारंभी तिने ठरविले. हजारो पेट्यांची व्यवस्था कशी लावावी, हे स्पर्धेवर सोडले. प्रतिस्पर्धीही तेथे एकत्र बसले.

पण पेटी हलली, तरी साठविलेली माहिती हलविण्याचा खर्च उरतोच. युरोपीय संघाचा डेटा ॲक्ट १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. सेवा बदलणाऱ्या ग्राहकाकडून त्यासाठी शुल्क घेण्यास या कायद्याने १२ जानेवारी २०२७ पासून मनाई केली आहे.