शेजारच्या रकान्यातली भाषा

आमच्या घरातली तरुण पिढी हल्ली मोबाईलवर भाषा शिकते. एकाच वेळी जर्मन, जपानी आणि तोंडी लावायला थोडी कोरियन! डुओलिंगोसारख्या अॅपमध्ये एकाच खात्यात अनेक भाषा ठेवता येतात. झेंड्यावर बोट ठेवलं की भाषा बदलते आणि कुठल्याही एका भाषेचा धडा केला तरी त्या दिवसाची हजेरी लागते. सोय छानच आहे. पण प्रत्येक भाषा आपापल्या खोलीत, मधलं दार बंद.

आपल्या मुंबईची जुनी रीत निराळी होती. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी, दोन रकान्यांत. एका भाषेत अडलं की डोळे सरकवायचे आणि दुसरीत बघायचं. बाळशास्त्री तेव्हा जेमतेम विशीचे होते. संस्कृत, फारसी, फ्रेंच, बंगाली, गुजराती अशा कितीतरी भाषांत त्यांना गती होती. पुढे 1860 च्या दशकात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची 'मार्गोपदेशिका' आली. पुस्तक संस्कृतचं, समजावणी इंग्रजीतून! संस्कृत वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं संस्कृत करा. म्हणजे मराठी मुलाच्या एकाच धड्यात दोन्ही भाषा घोटल्या जायच्या.

शेजारी ठेवण्याचा फायदा मी परळ-लालबागच्या मुलांना शिकवताना पाहिला आहे. पाचवीत हिंदी सुरू झाली की 'शिक्षा' या शब्दावर वर्ग हसायचा. हिंदीत शिक्षण, आपल्याकडे छडी! संसार आपला घरापुरता, हिंदीत सगळं जग. 'पुस्तक' घ्या. मराठी, गुजराती आणि संस्कृतमध्ये नपुंसकलिंगी, हिंदीत मात्र स्त्रीलिंगी, कारण हिंदीत नपुंसकलिंगच नाही. हे फळ्यावर चार रकाने आखून लिहिलं की मुलांच्या कायमचं लक्षात राहायचं. वेगवेगळ्या तासांना सांगितलं की परीक्षेत हमखास खिचडी. भाषा सारख्या असल्या की घोटाळा जास्त होतो, कमी नाही.

2025 साली आपल्याकडे पहिलीपासून तिसरी भाषा असावी का, यावर केवढा गदारोळ झाला. 29 जूनला सरकारने ते निर्णय मागेही घेतले. मला स्वतःला सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषांचं ओझं नको वाटतं. पण त्या सगळ्या वादात 'किती' आणि 'कधी' हेच प्रश्न ऐकू आले. 'कशा' शिकवायच्या, हे फारसं कोणी विचारलं नाही. मराठी पक्की नसेल तर शेजारच्या रकान्यात ठेवायचं तरी काय?

असो. अॅप बनवणाऱ्यांनी शिकणाऱ्याच्या सगळ्या भाषांतला एकच शब्द एका पडद्यावर ओळीने दाखवण्याची सोय दिली, तर बाळशास्त्र्यांचा तो रकाना जवळजवळ दोनशे वर्षांनी पुन्हा कामाला येईल. तोवर घरच्या घरी वहीचं पान उभं दुमडा. दोन रकाने तयार होतात.