मोंते-कार्लोचे ब्लाँ घराणे

द्यूतगृहाच्या मालकाला दैवाची साथ लागते, असा सर्वसाधारण समज आहे. फ्राँस्वा व लुई ब्लाँ या जुळ्या बंधूंच्या उद्योगाचा इतिहास त्यास पुष्टी देत नाही. इ. स. १८४१ मध्ये त्यांनी जर्मनीतील होम्बुर्ग येथे द्यूतगृह उघडले आणि चक्रावरील दोन शून्यांपैकी एक काढून टाकले. त्यामुळे मालकाचा सरासरी हिस्सा शेकडा ५.२६ वरून २.७० वर उतरला. परंतु गिऱ्हाइकांची रीघ लागली. हे गणित व्यापाऱ्याचे होते, जुगाऱ्याचे नव्हे.

१८६१ मध्ये मांतों व रोकब्रून ही गावे फ्रान्सला देऊन मोनाकोने आपला बहुतेक मुलूख गमावला होता. १८६३ मध्ये फ्राँस्वाने तेथील मक्ता घेतला. मंडळीचे नाव ठेवले ‘समुद्रस्नान मंडळी’. त्यात द्यूताचा उल्लेखही नाही! टेकडीचे जुने नाव स्पेल्यूग, म्हणजे गुहा. त्याच मुळातून आलेला जर्मन शब्द हलक्या गुत्त्यास लावतात. १८६६ मध्ये अधिपती तिसरा शार्ल याच्या नावावरून ती मोंते-कार्लो झाली. १८६८ मध्ये आगगाडी आली, आणि १८६९ मध्ये प्रजेचे प्रत्यक्ष कर रद्द झाले. राज्याचा खजिना आता परक्यांच्या हरण्यावर विसंबला. स्वतःच्या प्रजेस मात्र तेथे खेळण्याची मनाई होती. १८७२ अखेर जर्मनीतील द्यूतगृहे बंद झाली व मोंते-कार्लोस तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरला नाही.

१८७७ मध्ये फ्राँस्वा वारला. पुढे पुत्र कामीय याने कारभार पाहिला. १९२३ मध्ये शस्त्रविक्रेता बेझिल झहारॉफ याने मंडळी त्याच्या हातून काढून घेतली.