श्रद्धेचा गाभा आणि तिचे वस्त्र

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात निंबर्गा नावाचे गाव आहे. या तालुक्यातून वाहणारी अमरजा नदी पुढे गाणगापुराजवळ भीमेस मिळते आणि त्या संगमावर दत्तभक्तांची दाटी असते. आळंदेस लाडले मशायख यांचा दर्गा आहे, कलबुर्गीस ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा आणि शरणबसवेश्वरांचे देवालय आहे, तर बीदरच्या बाजूस बसवेश्वरांचे कल्याण आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा घरोघर बोलल्या जाणाऱ्या या मुलुखातील माणसाला शेजाऱ्याचा देव अपरिचित नसतो. दर्ग्यात मस्तक कसे लववावे हे हिंदूला ठाऊक असते आणि दत्तजयंती केव्हा येते हे मुसलमानाला ठाऊक असते. मात्र याच भागात मेथडिस्ट आणि इतर पंथांची प्रार्थनामंदिरे कित्येक वर्षांपासून उभी असूनही, आत बसलेली मंडळी नेमके काय मानतात, हे बाहेरून जाणाऱ्यास क्वचितच सांगता येते. घंटा, क्रूस आणि नाताळ एवढ्यावर त्याची ओळख थांबते.

ती ओळख पुढे नेण्यास एका मराठी विदुषीच्या चरित्राचा मोठा उपयोग होतो. १९१२ च्या सुमारास, गुलबर्गा हे निजामाच्या राज्यातील शहर असताना, तेथे मुलींसाठी एक ख्रिस्ती शाळा निघाली. तिच्या संस्थापिका पंडिता रमाबाई होत, आणि तिची धुरा त्यांची कन्या मनोरमाबाई हिने वाहिली. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु स्वीकारताना आणि स्वीकारल्यानंतर त्यांनी त्या धर्मातील प्रत्येक वचन कसोटीस लावून पाहिले, ही गोष्ट तितकीशी सर्वश्रुत नाही. त्या धर्माचा गाभा कोणता आणि केवळ वस्त्र कोणते, असा त्यांचा प्रश्न होता.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस आणि मुलींस संस्कृत शिकविले. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या सुमारास आईवडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. पुढे बंधू श्रीनिवास यांच्यासह पुराणे सांगत त्यांनी पायी देश पालथा घातला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बंधू गेले, विवाह झाला, कन्या झाली आणि १८८२ च्या आरंभी पती बिपिनबिहारी दास मेधावी पटकीने वारले. पतीच्या घरी असतानाच लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली होती. त्या पुस्तकाने जागविलेली जिज्ञासा त्यांना पुण्याहून १८८३ मध्ये इंग्लंडास वाँटेज येथील मठभगिनींकडे घेऊन गेली.

त्यांचे मन वळविण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. काशीचे चित्पावन ब्राह्मण नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते; त्यांच्या युक्तिवादाने रमाबाईंच्या बुद्धीचे समाधान झाले. दुसरी गोष्ट फुलम येथील. वाटेवरून घसरलेल्या स्त्रियांना आधार देणारे एक आश्रमगृह त्यांनी तेथे पाहिले. समाज ज्यांची सावलीही टाळतो त्यांची सेवा या भगिनी का करतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील कथा वाचून दाखविली. परक्या आणि हीन मानलेल्या जातीची एक शोमरोनी स्त्री विहिरीवर येते, येशू तिच्याजवळ पाणी मागतो आणि तिच्याशी ईश्वराविषयी बोलतो. ही कथा रमाबाईंच्या अंतःकरणास भिडली. १८८३ च्या २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा म्हणजे काय? जलाने स्नान घालून अथवा जलसिंचन करून, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने माणसाला मंडळीत घेणे. जुने जीवन पाण्यात बुडाले आणि नवे जीवन वर आले, असा त्या विधीचा भाव आहे. दुसरा विधी प्रभुभोजनाचा. पकडला गेला त्याच रात्री येशूने शिष्यांसह भाकरी आणि द्राक्षरस सेवन करून आपली आठवण करण्यास सांगितले, त्याचे हे स्मरण. रोमन कॅथलिक पंथ एकूण सात संस्कार मानतो. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या हे दोनच मानतात. परंतु हे दोन मात्र जवळजवळ सर्वांना समान आहेत. ज्या समाजात एका पंक्तीस कोण बसू शकतो यावर माणसाची प्रतिष्ठा ठरत होती, तेथे एकाच भाकरीचे तुकडे सर्वांनी घ्यावेत हा विधी किती अवघड होता, हे वेगळे सांगावयास नको.

या विधींमागील मते ख्रिस्ती मंडळीने संक्षिप्त मतांगीकारांत बांधून ठेविली आहेत. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेत आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेत त्यांची महत्त्वाची मांडणी झाली. सारांश असा : ईश्वर एक असून त्याने सर्व निर्माण केले, त्याचा पुत्र येशू हा मानव झाला, मानवाच्या पापासाठी त्याने वधस्तंभावर मरण सोसले आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, पवित्र आत्मा भक्तांत कार्य करतो, पापक्षमा, मृतांचे पुनरुत्थान आणि शाश्वत जीवन ही भक्तांची आशा होय. उत्तम शुक्रवारचा शोक आणि ईस्टरचा आनंद या मतांतूनच उपजले आहेत. म्हणून जगात नाताळाचा गाजावाजा अधिक असला, तरी श्रद्धेच्या दृष्टीने थोर सण ईस्टरचा मानला जातो.

यातील त्रैक्याचे मत समजण्यास कठीण आहे. गाणगापूरच्या परिसरात वाढलेल्या माणसाला ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची सहज आठवण होईल. परंतु ते साम्य फार दूर जात नाही. उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामांची वाटणी ख्रिस्ती त्रैक्यात नाही. पिता, पुत्र आणि आत्मा हे तिघे असूनही ईश्वर एकच आहे आणि त्याच्या प्रत्येक कार्यात तिघेही आहेत, असे ते मत सांगते. वेदान्ताचे संस्कार झालेल्या रमाबाईंची बुद्धी नेमकी येथेच अडली. १८८५ मधील त्यांच्या पत्रव्यवहारात त्रैक्य आणि येशूचे ईश्वरत्व यांविषयीच्या शंका स्पष्ट दिसतात. त्यांची धर्ममाता जेराल्डिन भगिनी हिला यात अहंकाराचा वास आला. चेल्टनम येथील महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र शंका दडपू नयेत, त्यांचा विचार करावा, असे धोरण ठेविले.

रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे होते की, ख्रिस्ताची शिकवण त्यांनी स्वीकारली आहे. पण त्याच्या नावाने धर्मगुरू जे जे बोलतील ते सारे स्वीकारण्याचे वचन त्यांनी दिलेले नाही. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत आलो, इंग्लंडच्या एका पंथाच्या दावणीस बांधले गेलो नाही, असे त्या मानीत. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत असे भगिनींनी सुचविले, तेव्हा लॅटिनमध्ये असे काय पावित्र्य आहे जे संस्कृतात नाही, असा त्यांचा सवाल होता. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. भगिनींना हा जातीचा जुना अभिमान वाटला. रमाबाईंच्या दृष्टीने भोजन आणि भाषा ही वस्त्रे होती. ती बदलल्यावाचून गाभा स्वीकारता येतो, हाच त्यांचा मुद्दा होता.

तथापि केवळ वादाने त्यांचे समाधान झाले नाही. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी नमूद केले की, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, पापक्षमा ही कर्माने मिळवावयाची वस्तू नसून विनामूल्य घ्यावयाचे दान आहे, अशी त्यांची खात्री पटली. ज्या मतांवर त्यांनी एके काळी वाद घातला, ती त्यांनी नंतर स्वानुभवाने मान्य केली. बुद्धीला विचारण्याची मोकळीक मिळाली म्हणूनच श्रद्धा स्थिरावली, असा याचा अर्थ लावता येतो.

या श्रद्धेची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८८९ मध्ये मुंबईत स्थापिलेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलविलेले शारदासदन हे धर्मप्रसार न करता विधवांना शिक्षण देण्यासाठी होते. रमाबाई आपली खासगी प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली आपण होऊन तीत बसत. बाल विधवांच्या मनावर याचा प्रभाव पडणारच, तेव्हा दिलेले वचन पाळले गेले नाही, असे टीकाकारांचे म्हणणे. स्वतःच्या घरात स्वतःची प्रार्थना लपवून करावी काय, असे रमाबाईंचे म्हणणे. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे होती, म्हणूनच ही ताटातूट अधिक दुःखद झाली.

१८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी या वादास वेगळेच वळण दिले. मध्यप्रांतातून आणि गुजरातेतून रमाबाईंनी भुकेल्या मुलींना आणि स्त्रियांना केडगावी आणले. मुक्तिसदनात एके काळी सुमारे २००० जणींना आसरा मिळाला. विणकाम, शेती, स्वयंपाक आणि छपाई हे शिक्षणाचेच भाग होते. ज्या मुलीने दुष्काळात आईवडिलांचे मरण डोळ्यांनी पाहिले होते, तिला दुष्काळग्रस्त मुलींची हाक निराळी ऐकू आली असल्यास नवल नाही. शोमरोनी स्त्रीची कथा येथे आचारात उतरली. शेजाऱ्यावर प्रीती करावी, ही आज्ञा मतांगीकाराहून जुनी आहे.

शेवटचे कार्य भाषेचे. शास्त्र प्रत्येकाने आपल्या भाषेत वाचावे, हा विशेषतः प्रॉटेस्टंट पंथांचा आग्रह आहे. लूथरचे संपूर्ण जर्मन बायबल १५३४ मध्ये निघाले ते त्यासाठीच. मराठीत भाषांतर पूर्वी झाले होते. पण ते खेड्यातील स्त्रीस जड जाते असे रमाबाईंस वाटले. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जिने संस्कृत पांडित्याच्या बळावर कीर्ती मिळविली, तिनेच संस्कृतप्रचुर शब्द बाजूस ठेवून साध्या मराठीची निवड केली. अक्षरे जुळविणे आणि छापणे ही कामे केडगावच्या स्त्रियांनी केली. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचा मृत्यू झाला. माता शोक करीत काम पुरे करीत राहिली आणि १९२२ च्या ५ एप्रिल रोजी तिनेही देह ठेविला. संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

गुलबर्गा १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले आणि २०१४ मध्ये त्याचे नाव कलबुर्गी झाले. राज्ये बदलली, नावे बदलली. सीमाभागात शेजारी मात्र शेजारीच राहिला. प्रार्थनामंदिरावरून जाताना त्याची श्रद्धा परकी वाटली, तर ती परकी आहे की केवळ तिचे वस्त्र परके आहे, हा रमाबाईंचा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर काहीही येवो, प्रश्न विचारणारा मनुष्य शेजाऱ्याच्या एक पाऊल जवळ गेलेला असेल.