यंत्राची मर्यादा आणि संगीताची घडण : 'ड्रॅगन क्वेस्ट' या व्हिडिओ गेमच्या संगीताचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
विसाव्या शतकातील संगीताचा इतिहास हा बऱ्याच अंशी ध्वनितंत्राचाही इतिहास आहे. ध्वनिमुद्रिकेच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या मर्यादेने आपल्याकडील ख्यालगायनाला संक्षेपाची शिस्त लावली, हे संगीताच्या अभ्यासकांना परिचित आहे. जपानमध्ये व्हिडिओ गेमसाठी रचल्या गेलेल्या संगीताचा विचारही याच दृष्टीने करता येतो. 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळाच्या संगीताला प्रतिष्ठा वाद्यवृंदाने दिली असली, तरी त्याचे रूप यंत्राच्या मर्यादेतून घडले. म्हणून त्याच्या मूळ यंत्रध्वनीला कच्चा आराखडा न मानता स्वतंत्र संहिता मानावे, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
एनिक्स या कंपनीने २७ मे १९८६ रोजी 'ड्रॅगन क्वेस्ट' प्रकाशित केला. खेळाडूने एका वीराची भूमिका घेऊन अद्भुत प्रदेशात भ्रमण करावे, राक्षसांशी लढावे व सामर्थ्य वाढवीत जावे, असे त्याचे स्वरूप होते. कथा युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा (१९३१-२०२१) यांचे होते. सुगियामा त्या वेळी ५५ वर्षांचे होते. फुजी दूरचित्रवाणीत दिग्दर्शक म्हणून त्यांनी काम केले होते, तसेच 'द टायगर्स' या १९६० च्या दशकातील लोकप्रिय गायकवृंदासाठी गीतांना चाली दिल्या होत्या. एनिक्सच्या शोगी या बैठ्या खेळावरील संगणकीय गेमविषयी त्यांनी लिहिलेले अभिप्रायपत्र कंपनीला मिळाले आणि त्यातून हा संबंध जुळला. म्हणजेच लोकप्रिय संगीतात मुरलेला एक रचनाकार या नव्या माध्यमात आला होता.

मर्यादा आणि रचना :
१९८३ साली बाजारात आलेल्या 'फॅमिकॉम' या यंत्रात ध्वनीच्या पाचच वाहिन्या होत्या. त्यांपैकी तीन सुरांसाठी, एक खरखरीसारख्या आवाजासाठी व एक अल्पशा नमुनाध्वनीसाठी होती. तलवारीचा घाव किंवा दार उघडण्याचा आवाज यांसाठीही याच वाहिन्या वापराव्या लागत. संपूर्ण खेळ अवघ्या ६४ किलोबाइटमध्ये बसविलेला असल्याने संगीतास मिळणारी जागा त्याहून कितीतरी कमी होती.

या परिस्थितीत भरगच्च स्वरमेळ शक्य नव्हता. सुगियामा यांनी राजवाड्याच्या संगीतासाठी युरोपातील बरोक काळाच्या शैलीचा आधार घेतला. दोन स्वरावली परस्परांना छेद देत चालल्या, की मोजक्या आवाजांतही संगीत परिपूर्ण वाटते, हे त्या शैलीचे मर्म होय. दुसरे उदाहरण भुयारातील संगीताचे आहे. खेळाडू एकेक मजला खाली उतरतो, तसतशी तीच धून अधिक खालच्या पट्टीत व संथ लयीत वाजू लागते. नवी धून साठविण्यास जागा नसताना एकाच धुनेतून वाढत्या भीतीचा प्रत्यय यावा, अशी ही योजना होती. येथे संगीताचा क्रम खेळाडूच्या पावलांवर अवलंबून आहे, ही बाब विशेष लक्षणीय ठरते.

सभागृहाकडे वाटचाल :
२० ऑगस्ट १९८७ रोजी टोकियोतील सन्टोरी हॉलमध्ये या संगीताचा जाहीर कार्यक्रम झाला. पुढे प्रत्येक नव्या भागाचे संगीत वाद्यवृंदासाठीही सिद्ध होऊ लागले. २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचे संचलन याच खेळाच्या प्रारंभधुनेने सुरू झाले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला सुगियामा यांचे निधन झाले.

या प्रवासाचा अर्थ सामान्यतः 'क्षुद्राकडून उदात्ताकडे' असा लावला जातो. स्वतः सुगियामा अभिजात संगीताचे उपासक असल्याने या मतास बळही मिळते. परंतु सभागृहात भुयाराची धून पूर्वनियोजित क्रमानेच वाजते. श्रोता तेथे उतरत नाही, थांबत नाही व मागेही फिरत नाही. वाद्यवृंदामुळे नादाची समृद्धी येते, मात्र श्रोत्याच्या कृतीशी असलेले नाते लोप पावते. २०१९ साली प्रकाशित झालेल्या अकराव्या भागाच्या विस्तारित आवृत्तीत वाद्यवृंदाचे व यंत्रनिर्मित असे दोन्ही संगीत ठेवून निवड खेळाडूवर सोपविण्यात आली. दोन्ही रूपांचे स्वतंत्र अस्तित्व येथे निर्मात्यांनीच मान्य केलेले दिसते.

निष्कर्ष :
१) 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या संगीतातील मोजक्या आवाजांची वीण व एकाच धुनेचे रूपांतर ही वैशिष्ट्ये तांत्रिक मर्यादेला दिलेले सर्जनशील उत्तर होत.
२) वाद्यवृंदाने या संगीतास सामाजिक मान्यता दिली, त्याचे संगीतमूल्य मात्र त्यापूर्वीच सिद्ध झालेले होते.
३) जुनी यंत्रे कालांतराने निकामी होतात, तर वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका सहज टिकतात. केवळ दुसऱ्या साधनावर विसंबून लिहिलेला इतिहास एकांगी ठरेल. त्यामुळे मूळ यंत्रध्वनी व तो ज्या खेळातून ऐकू येतो तो खेळ, या दोहोंचे एकत्रित जतन करणे हे संगीताच्या इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.