शाळेतील गृहविज्ञान : एका विषयाचा प्रवास आणि आजचे प्रयोजन

गृहविज्ञान म्हणजे घरातील नित्य व्यवहारांचा शास्त्रीय अभ्यास. अन्न व पोषण, वस्त्र, निवारा, बालसंगोपन, कुटुंबाचा जमाखर्च आणि ग्राहक म्हणून असलेले हक्क ही त्याची प्रमुख अंगे होत. आपल्याकडे हे नाव काढले की शिवण, विणकाम आणि स्वयंपाक एवढेच डोळ्यांपुढे येते आणि हा मुलींचा विषय आहे, असे मनातल्या मनात ठरून जाते. ही समजूत विषयाच्या स्वरूपातून आलेली नाही. ती त्याच्या इतिहासातून आली आहे, आणि म्हणून तो इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

या विषयाची मांडणी करणाऱ्या एलन स्वॉलो रिचर्ड्स या मुळात रसायनशास्त्रज्ञ होत्या. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १८७० साली प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पाण्याचे पृथक्करण आणि अन्नातील भेसळ हे त्यांच्या अभ्यासाचे क्षेत्र होते. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांनी एक स्वयंपाकघर चालवून दाखवले. तेथे मिळणाऱ्या पदार्थात कोणता पोषक घटक किती आहे, याची माहिती खाणाऱ्याला दिली जाई. आज पाकिटांवर छापला जाणारा पोषणतक्ता आपण नवा समजतो. त्याची कल्पना अशी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९९ पासून लेक प्लॅसिड येथे दरवर्षी परिषदा भरू लागल्या, त्यांतून गृहअर्थशास्त्राची अमेरिकन संघटना उभी राहिली आणि रिचर्ड्स तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. मोजमापाचा आग्रह हा या साऱ्या चळवळीचा कणा होता. फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पाकशास्त्रावरील पुस्तकात सपाट भरलेला पेला आणि सपाट चमचा ही मापे रूढ केली. मराठीत हेच काम पुढे कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या प्रमाणातून केले. ‘अंदाजाने घाला’ या सूचनेवर नवशिक्याचा पदार्थ साधत नाही, हे दोघींनीही ओळखले होते.

विषयाला वळण लागले ते १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यामुळे. या कायद्याने शेती, कारखान्यातील कामे आणि गृहअर्थशास्त्र यांच्या शालेय शिक्षणासाठी संघराज्याचा निधी उपलब्ध करून दिला. निधी आला, शिक्षिका आल्या, वर्ग उभे राहिले. पण त्याबरोबर मुलग्यांनी कार्यशाळेत जायचे आणि मुलींनी स्वयंपाकघरात, ही वाटणीही पक्की झाली. रसायनशास्त्रातून जन्मलेला विषय सुगृहिणी घडवण्याचे साधन होऊन बसला. शास्त्रीयतेचा आग्रह कधी कधी विलक्षण टोकालाही गेला. कॉर्नेल विद्यापीठात गृहअर्थशास्त्राच्या विद्यार्थिनींना बालसंगोपनाचा अनुभव मिळावा म्हणून अनाथालयांतून तान्ही मुले आणली जात आणि विद्यार्थिनी पाळीपाळीने त्यांची आई होत. ही प्रथा १९६९ पर्यंत चालली. नंतरच्या काळात अमेरिकन शाळांत मुलाऐवजी पिठाची पिशवी किंवा अंडे सांभाळायला देण्याची पद्धत आली. ती हास्यास्पद वाटली तरी निदान निरुपद्रवी आहे.

१९७२ च्या कायद्याने शिक्षणात लिंगावरून भेद करण्यास अमेरिकेत बंदी आली आणि या वर्गांची दारे मुलग्यांना उघडली. १९९३ मध्ये ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे भरलेल्या परिषदेने विषयाला ‘कुटुंब व ग्राहक विज्ञान’ हे नाव दिले. तेथील माध्यमिक शाळांत आता पोषण आणि बालविकास यांच्या बरोबरीने अंदाजपत्रक, कर्ज, विमा आणि खरेदीचे निर्णय शिकवले जातात.

जपानचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे युद्धोत्तर काळात प्राथमिक शाळेत हा विषय मुलगे-मुली दोघांनाही होता, पण वरच्या वर्गांत तो मुलींपुरताच उरला. स्त्रियांविषयीच्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार जपानने १९८५ मध्ये मान्य केला आणि त्याच्याशी ही व्यवस्था विसंगत ठरली. परिणामी कनिष्ठ माध्यमिक शाळेत १९९३ पासून आणि उच्च माध्यमिक शाळेत १९९४ पासून तो सर्वांना सक्तीचा झाला. फिनलंडमध्येही सातवीच्या सर्व विद्यार्थ्यांना गृहव्यवस्था शिकावी लागते.

भारतात हा विषय आला तो स्त्रीशिक्षणाचा हात धरून. टोकियोच्या महिला विद्यापीठाविषयीची पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली आणि तिच्यातून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. १९०१ साली सुरू झालेल्या त्या जपानी संस्थेत गृहशास्त्राचा स्वतंत्र विभाग आरंभापासून होता. कर्व्यांच्या अभ्यासक्रमातही आरोग्य आणि गृहशास्त्र यांना स्थान मिळाले. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ मध्ये पुण्यात बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखाली भरले. या परिषदेच्या प्रयत्नांतून १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन महाविद्यालय निघाले.

मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे खरे केंद्र मात्र बडोदे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू हंसा मेहता होत्या आणि १९५० मध्ये तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली. तिच्या उभारणीच्या काळात फ्लेमी किट्रेल या कृष्णवर्णीय अमेरिकन पोषणशास्त्रज्ञ बडोद्यास येऊन राहिल्या होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील ‘सर्व पुरुष’ हा शब्दप्रयोग बदलून ‘सर्व मानव’ करायला लावणाऱ्या हंसाबेननी असा विषय हाती घ्यावा, हे वरवर पाहता विसंगत भासते. परंतु मुली विज्ञानशाखेपर्यंत पोहोचाव्यात यासाठी हा एक दरवाजा होता. जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र त्या दारातूनच अनेक मुलींपर्यंत गेले. या विद्याशाखेचे आजचे नाव ‘कुटुंब व समुदाय विज्ञान’ असे आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीनेही अकरावी-बारावीच्या पुस्तकांना ‘मानव पारिस्थितिकी व कुटुंब विज्ञान’ हे नाव दिले. नावे बदलली, वर्गात बसणारे विद्यार्थी फारसे बदलले नाहीत.

गोव्यात पणजीच्या कांपाल भागात गृहविज्ञानाचे महाविद्यालय आहे. शालेय स्तरावर मात्र या विषयाचे तुकडे अनेक ठिकाणी विखुरलेले आढळतात : पोषण विज्ञानाच्या पुस्तकात, ग्राहकहक्क समाजशास्त्रात, व्याजाचे गणित गणितात. प्रत्येक तुकड्यावर प्रश्न येतो, गुण मिळतात. पण घरात हे सारे एकाच वेळी लागते, हे कोणी सांगत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत व्यवसायांची ओळख सुचवली आहे आणि २०२३ च्या शालेय आराखड्याने कामाच्या तीन प्रकारांत ‘मानवी सेवा’ हा एक प्रकार धरला आहे. गृहविज्ञानाला नव्याने उभे राहण्यासाठी ही जागा मोकळी आहे.

ती कशाने भरावी? आपल्या घरातील उकड्या तांदळापासून आरंभ करता येईल. भात सालीसकट भिजवून उकडला की कोंड्यातील ‘ब’ गटाची जीवनसत्त्वे काही अंशी दाण्यात उतरतात आणि सडल्यानंतरही टिकून राहतात. म्हणून पॉलिश केलेल्या सुरय तांदळापेक्षा उकड्यात थायमिन अधिक असते. आजीच्या पेजेमागचे हे रसायन नववीच्या मुलाला सहज समजेल. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात फार वेळ राहिले तर त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, हा नियम एका साध्या तापमापकाने दाखवता येतो. आपल्या दमट हवेत त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहारमार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. तिच्यातील दिवसभराच्या ताटाशी आपले मासे, कुळीथ, नाचणी आणि पालेभाज्या ताडून पाहणे हा एका तासिकेचा उत्तम उपक्रम होईल.

रिकामी पाकिटे हे या वर्गाचे सर्वांत स्वस्त साहित्य. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, एवढे कळले तरी ‘फळांचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयात फळ कितवे आहे ते दिसते. शंभर मिलिलिटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर असलेल्या शीतपेयाचा अडीचशे मिलिलिटरचा पेला प्यायला, तर सहा चहाचे चमचे साखर पोटात जाते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, दागिन्यावरील सहा अक्षर-अंकी हॉलमार्क ओळख आणि विजेच्या उपकरणावरील तारे यांचे वाचन याच तासिकेत यावे. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, त्या वेळी विजेचे बटण चालू किंवा बंदही करू नये आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे, ही माहिती तर कोणत्याही परीक्षेपेक्षा मोलाची आहे.

पैशाच्या व्यवहारात फसगत बहुधा टक्केवारीत होते. बारा हजारांचे कर्ज ‘बारा टक्के सपाट’ दराने वर्षभरासाठी घेतले, तर दरमहा १,१२० रुपये भरावे लागतात. मुद्दल मात्र दर महिन्याला कमी होत जाते, तरी व्याज मूळ रकमेवरच आकारलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर खरा दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. दहावीचा विद्यार्थी हा तक्ता वहीवर मांडू शकतो. फसवणूक झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर दाद मागता येते.

गोव्यापुरता आणखी एक धडा अपरिहार्य आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आपल्या कौटुंबिक कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर सामान्यतः पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा त्यात निम्मा-निम्मा वाटा असतो. शेजारच्या सिंधुदुर्गात किंवा बेळगावात ही व्यवस्था नाही. नोंदणी कार्यालयात सही करताना आपण नेमके कशावर सही करतो, हे पुष्कळ सुशिक्षित जोडप्यांनाही सांगता येत नाही. आणि त्याची पहिली ओळख वकिलाच्या कार्यालयात, बहुधा वाटणीच्या वादात होते.

अडचणी व्यावहारिक आहेत. चाळीस मिनिटांच्या तासिकेत भाजी चिरून, शिजवून, भांडी घासून होत नाही. त्यासाठी जोडतासिका लागते. गॅस, पाणी आणि अग्निशामक साधन असलेली खोली लागते. मूल्यमापन लेखी परीक्षेवर सोपवले तर विषय पुन्हा व्याख्या पाठ करण्यापुरता उरतो, म्हणून गुणांचा मोठा भाग प्रात्यक्षिकाला आणि घरखर्चाच्या महिनाभराच्या नोंदवहीला हवा. ती नोंदवही काल्पनिक कुटुंबाची असावी, कारण प्रत्येक मुलाला घरचे उत्पन्न वर्गात सांगणे सोयीचे नसते. वेळापत्रक आखताना या तासिकेसमोर मुलग्यांसाठी संगणक किंवा खेळ ठेवला, तर नियमात काहीही लिहिलेले असो, वर्गात मुलीच येतील.